घासातला वाटा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कौटुंबिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला विषय दिला तो 'मोकळी मुलं, मुकी जनावरं आणि घरचं जेवण'. कार्यक्रमपत्रिका हाती पडल्यावर दोन-तीन जणींनी फोन करून विचारलं, की अहो, हे तीन विषय एका तासात कसे उरकणार? त्यांना मी सांगितलं, ते तीन नाहीत. एकाच घरातली ती एकच गोष्ट आहे, आणि ज्या शहरात आपण पोटापाण्यासाठी येऊन राहिलो त्या शहराला ती आपल्या आधीपासून ठाऊक आहे.

अजून काही आठवड्यांनी इथे दुर्गा माहेरी येईल. येते ती एकटी येत नाही. लक्ष्मीबरोबर घुबड, सरस्वतीबरोबर हंस, कार्तिकाचा मोर, आपल्या बाप्पाचा उंदीर आणि तिचा स्वतःचा सिंह. चार मुलं आणि पाच जनावरं घेऊन लेक दारात उभी राहते, आणि सारं शहर तिच्या पाहुणचाराला लागतं. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ही यादी वाचली असती तर तिला गेटवरच थांबवलं असतं!

पण मला आज दुर्गेपेक्षा षष्ठीबद्दल बोलायचं आहे. आपल्याकडे बाळाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाईची पूजा होते, तिचीच ही बंगाली बहीण. मुलांचं रक्षण करणारी ही देवी, आणि तिचं वाहन आहे मांजर. म्हणून इथल्या जुन्या घरांतल्या आजीबाई मांजरावर काठी उगारत नाहीत. षष्ठीच्या व्रताची कहाणी तुमच्यापैकी अनेकांनी शेजारणीकडून ऐकली असेल. घरातली धाकटी सून खादाड. स्वयंपाकघरातलं चोरून खायची आणि आळ काळ्या मांजरीवर घालायची. मांजर बिचारी मार खायची. शेवटी तिने देवीकडे गाऱ्हाणं नेलं. मग त्या सुनेला मूल झालं की मांजर ते उचलून देवीपाशी नेऊन ठेवी. सुनेने मांजरीची क्षमा मागितली तेव्हा कुठे तिची मुलं परत आली.

आता या कहाणीत काय काय आहे पाहा. मूल आहे, जनावर आहे आणि स्वयंपाकघर आहे. आपण एरवी या कहाणीतून मांजरीला मारू नये एवढंच घेतो. मला मात्र नेहमी वाटतं, की ती सून चोरून का खायची? मोठ्या घरात धाकट्या सुनेचं पान शेवटी मांडलं जायचं, आणि तोवर भांड्यात काय उरेल याचा भरवसा नसायचा. ज्याला आपल्या वाट्याची खात्री नाही तो चोरतो, आणि चोरी दुसऱ्याच्या माथी मारतो. मूलही तेच करतं. मांजरही तेच करतं.

मुलांना मोकळं वाढवायचं म्हणजे काय, यावर हल्ली पुष्कळ बोललं जातं. माझा अनुभव साधा आहे. घरात ज्याचा वाटा ठरलेला असतो तोच मोकळा वावरतो. म्हणून मी मोकळेपणाची सुरुवात पातेल्यापासून करते.

आमच्याकडे पद्धत अशी. वरणाची डाळ शिजली, भाजी उकडली, की फोडणी पडायच्या आधी दोन वाटे बाजूला निघतात. एक घरातल्या सर्वांत लहानाचा. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वेगळं काही रांधावं लागत नाही. गुरगुट्या भात, घोटलेलं वरण, वर तुपाचा थेंब. बंगाली घरात याला 'फॅना भात' म्हणतात, पेजेसकट मऊ शिजवलेला. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ आणि साखर लागत नाही. चव आपल्याला हवी असते, त्याला नाही. आणि मध तर बारा महिन्यांच्या आत चाटवूच नका. आपल्याकडे बाळगुटीत मध घालायची रीत आहे, पण मधात असे सूक्ष्म बीजाणू असू शकतात की ज्यांनी तान्ह्या बाळाला गंभीर आजार होतो. हे मी मुद्दाम व्यासपीठावरून सांगते, कारण गावाहून आलेली आजी मधाची बाटली घेऊनच येते, आणि तिला नाही म्हणणं सुनेला जड जातं.

दुसरा वाटा जनावराचा. घरात कुत्रं असेल तर त्याचा भात आणि उकडलेला भोपळा फोडणीआधीच काढायचा, कारण कांदा आणि लसूण कुत्र्यामांजरांना बाधतात. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट हेही कुत्र्यांना विषासारखं. म्हणजे आपल्या प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा प्रेमाने भरवू नका. शिजवलेली हाडं टोकदार फुटतात, ती घशात वा आतड्यात रुततात. मांजराला दूध आवडतं ही आपल्या चित्रांतली समजूत. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. त्यापेक्षा बाजारात माशाचं डोकं मागून घ्यावं, उकडून काटे काढून द्यावं. या शहरात त्याची कमतरता नाही.

उरलेल्या पातेल्यात मग हिंग, मोहरी, लसूण, मिरची, जे तुमच्या गावचं असेल ते. एकच चूल आणि एकच पातेलं, पण प्रत्येकाचा वाटा त्याच्या वेळी निघतो. आपल्या पूर्वजांचा गोग्रास आणि काकबळी याहून वेगळा नव्हता. घरच्यांची पानं वाढण्याआधी गाय आणि कावळा यांचा वाटा निघायचा.

इथे कोणी म्हणेल, की कोलकात्यात आपलं सकस जेवण कुठून आणायचं, ज्वारीचं पीठसुद्धा शोधावं लागतं. मी म्हणते, बाजारात डोळे उघडे ठेवून फिरा. तांबडा माठ इथे 'लाल शाक' होऊन बसला आहे. मायाळू म्हणजे 'पुंई'. अळूच्या फदफद्याला 'कोचू' आहे. शेवग्याच्या शेंगा तर आहेतच, वसंतात शेवग्याची फुलंही मिळतात, जी आपल्याकडच्या शहरांत आता क्वचित दिसतात. उकडीच्या मोदकांना आंबेमोहोर मिळाला नाही तर गोविंदभोगाची पिठी घ्या. हिवाळ्यात नोलेन गूळ येतो, तो नाचणीच्या सत्त्वात घालून पाहा. मुलं वाटी चाटून पुसून देतात. विळी इथे 'बोंटी' म्हणून भेटते. परक्या शहरात स्वयंपाकघर जितकं ओळखीचं निघालं तितकं बाकी काही निघालं नाही.

आणि मूल जेवत नाही, ही तक्रार. वाटी घेऊन मुलामागे घरभर धावणाऱ्या आया मी पाहते, आणि हल्ली धावायचंही राहिलं, मोबाइल समोर धरला की काम झालं. आमच्या घरी नियम असा, की काय शिजेल आणि केव्हा वाढलं जाईल हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं हे ज्याचं त्याने. दोन घास खाऊन मूल उठलं तर उठू द्या. पुढच्या वेळेपर्यंत बिस्किटाचा पुडा मात्र निघणार नाही. मुलाला मोकळीक देणं म्हणजे त्याच्या पोटावर विश्वास टाकणं.

हा मोकळेपणा कुठवर जाऊ शकतो याचं आपल्या महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण म्हणजे हेमलकसा. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. वीज नव्हती, पावसाळ्यात वाट नव्हती. एकदा शिकारीहून परतणारे आदिवासी त्यांना भेटले. मारलेली माकडीण खांद्यावर, आणि तिच्या अंगाला चिकटलेलं जिवंत पिल्लू दूध शोधत होतं. ते पिल्लू प्रकाशभाऊंनी मागून घेतलं आणि घरी आणलं. तिथून पुढे अस्वलं, बिबटे, हरणं असा गोतावळा जमत गेला. दिगंत आणि अनिकेत ही त्यांची मुलं त्याच अंगणात या जनावरांबरोबर खेळून वाढली. शिकली तीही प्रकल्पाच्याच शाळेत, माडिया मुलांबरोबर एका रांगेत बसून. पुढे एक डॉक्टर झाला, एक इंजिनिअर, आणि दोघेही परत हेमलकशालाच राहिले. २००८ साली प्रकाशभाऊ आणि मंदाताईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१४ साली त्यांच्यावर चित्रपट आला, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

चित्रपटात बिबट्या लक्षात राहतो. मला मात्र त्या माकडिणीपाशी थांबावंसं वाटतं. ती शिकार हौसेची नव्हती, भुकेची होती. माडिया माणसाला 'मारू नको' असं उपदेश करून सांगण्यात अर्थ नव्हता, त्याच्या पोटाचं काय हा प्रश्न आधी होता. म्हणून तिथे दवाखान्याबरोबर शेतीची कामं आली, १९७६ साली निवासी शाळा आली. प्राण्यांवरचं प्रेम भरल्या पोटी शिकवता येतं. आपल्या शहरातही मांजराला दगड मारणाऱ्या पोराला रागावण्याआधी तो सकाळपासून काय खाऊन फिरतो आहे हे विचारून पाहावं.

एक सांगायला हवं. हेमलकसा पाहून कोणी जंगली पिल्लू घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा आहे, आणि आमट्यांनाही प्राण्यांच्या अनाथालयासाठी रीतसर मान्यता घ्यावी लागली. रविवारी गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारात मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. आपला साधा हिरवा पोपटसुद्धा पिंजऱ्यात ठेवायला कायद्याने बंदी आहे. मूल हट्ट करील, करू द्या.

दुसरं उदाहरण डहाणूजवळच्या कोसबाडचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं शाळेत येईनात, कारण गुरं कोण राखणार आणि धाकटं भावंडं कोण सांभाळणार? बाईंनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली शिकताहेत, अशी ती कुरणशाळा. धाकट्यांसाठी अंगणातच बालवाडी भरवली, अंगणवाडी हा आज देशभर झालेला शब्द त्यातून आला. या बंगालमध्ये रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात मुलांना झाडाखाली बसवलंच होतं, पण त्या मुलांपाठीमागे गुरं नव्हती. ताराबाईंनी गुरांसकट शाळा भरवली, म्हणून मला कोसबाडचं अधिक अप्रूप.

आता आपल्या घरांकडे येऊ. बहूबाजार-बडाबाजारात गलाईचं काम करणारी सांगलीकडची कुटुंबं इथे बसली आहेत. खानापूर-आटपाडी-विट्याची ही मंडळी, ज्यांच्या गावी दावणीला खिलार बैल असत. इथे मात्र एका खोलीत संसार, खाली भट्टी आणि तेजाबाचा वास. अशा खोलीत मुलाला मोकळं कसं सोडणार? त्या घरांतल्या एका ताईंनी मला शिकवलेली गोष्ट सांगते. बेंदराला त्या गंगेच्या मातीचे बैल मुलांकडूनच करवतात. बैलांची शिंगं रंगवून झाली की पुरणपोळीचा पहिला तुकडा त्या मातीच्या बैलांपुढे, मग गल्लीतल्या गायीला, मग मुलांना. तिचा मुलगा सुट्टीत गावी गेला की बिचकत नाही, थेट गोठ्यात शिरतो. खोली एवढीशी, पण वाटा ठरलेला.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न टाळता येणार नाही. एका सोसायटीत कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून सभेत हमरीतुमरी झाली, हे इथल्या काहींना माहीत आहे. चिडणाऱ्यांचंही चुकत नव्हतं, त्यांच्या नातवाला जिन्यात कुत्र्याने दात दाखवले होते. २०२३ च्या नियमांत यावर वाट आहे: खाऊ घालण्याची जागा रहिवाशांनी मिळून ठरवायची, आणि ती जिना, प्रवेशद्वार व मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर हवी. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर कुठेही नको, नेमलेल्या जागीच द्या, असं म्हटलं. त्या सोसायटीत शेवटी पंपघरामागचा कोपरा ठरला, वेळ ठरली, कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून घेतलं. जिन्यातली वर्दळ आपोआप थांबली, कारण वाटा कुठे मिळतो हे कुत्र्यांना कळलं.

तरीही मुलांना हे पाठ करून द्या: जेवणाऱ्या, झोपलेल्या वा पिल्लं पाजणाऱ्या जनावराला हात लावायचा नाही. चावलं किंवा ओरखडलं तर घरी सांगायचं, रागावलं जाणार नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ नसतो, लस वेळेवर घेतली तर आजार टळतो. जे मूल मार बसेल म्हणून ओरखडा लपवतं, त्याच्या जिवाला धोका आहे. मोकळेपणाची गरज सर्वांत जास्त इथे लागते.

आता वेळ संपत आली. नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न राहिला: मे महिन्यात सगळे गावी जातो, तेव्हा मांजराचं काय? आम्ही तीन घरांनी आपसांत ठरवून घेतलं आहे. एक घर नेहमी मागे राहतं, किल्ली त्यांच्याकडे, आणि वाटीवर मांजराचं नाव मुलांनी बंगालीत लिहून ठेवलं आहे, म्हणजे कामाला येणाऱ्या मावशींनाही वाचता येतं. कोणाला या साखळीत यायचं असेल त्यांनी आरतीनंतर मला भेटावं.