नऊ वाजले, पण कुठले?

गेल्या वर्षीच्या मार्च अखेरची गोष्ट. माझा एक विद्यार्थी, शेतकऱ्याचा मुलगा, अमेरिकेतल्या एका कंपनीच्या मुलाखतीसाठी इस्त्रीचा सदरा घालून संगणकासमोर बसला. मुलाखत घरबसल्याच व्हायची होती. पत्रात वेळ दिली होती सकाळी नऊ, आणि पुढे तीन अक्षरे: ई. एस. टी. याने कोष्टक पाहिले, त्यात साडेदहा तास मिळवले आणि संध्याकाळचे साडेसात ही वेळ काढली. पाहतो तो पलीकडे कोणीच नाही! ती माणसे साडेसहाला येऊन, वाट पाहून उठून गेली होती.

मुलाचे गणित चुकले नव्हते. चुकले होते ते पत्र.

आपणांस ठाऊक आहेच की आपले घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असते, बारा महिने. पण सगळ्या देशांचे तसे नाही. लंडनला जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरात तो आठ तासही भरत नाही. उन्हाळ्यात सूर्य उगवतो तेव्हा माणसे अंथरुणातच असतात. तो उजेड वाया जाऊ नये म्हणून तिकडे उन्हाळ्यापुरते घड्याळ एक तास पुढे सारतात. (महायुद्धाच्या काळात, १९४५ पर्यंत, आपणही काही वर्षे घड्याळ असे पुढे ठेवले होते.) अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी ही उन्हाळी वेळ सुरू होते व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. म्हणजे न्यूयॉर्कचे आणि आपले अंतर हिवाळ्यात साडेदहा तास, तर उन्हाळ्यात साडेनऊ. ई. एस. टी. हे हिवाळी वेळेचे नाव; पण तिकडचे लोक सवयीने ते वर्षभर लिहितात. आपल्या आय. एस. टी. चे तरी काय? तीच अक्षरे आयर्लंड आणि इस्राएलही वापरतात.

मग संगणकाला हे कसे उमगते? परदेशातले एखादे संकेतस्थळ आपण उघडतो आणि ते आपल्याच वेळेत तासिका दाखवते. त्याला आपले गाव कोणी सांगितले? आपल्याच यंत्राने. पूर्वी संकेतस्थळ यंत्राला एवढेच विचारी, की ग्रीनिचपासून तू किती मिनिटांवर आहेस? आपले यंत्र सांगे, ३३०. पण जानेवारीत लंडनचे उत्तर शून्य आणि आफ्रिकेतल्या घाना देशाचेही शून्य. फरक पडतो तो उन्हाळ्यात. म्हणून जाणत्यांनी युक्ती काढली: जानेवारीतले अंतर विचारा आणि जुलैतलेही विचारा. दोन्ही सारखी आली तर तिथे उन्हाळी वेळ नाही. जानेवारीचे जास्त आले, तर ते ठिकाण बहुधा सिडनीसारखे दक्षिण गोलार्धातले.

युक्ती चांगली, पण अपुरी. अथेन्स आणि जेरुसलेम, दोन्ही जानेवारीत दोन तास पुढे, जुलैत तीन. मात्र अथेन्स घड्याळ हलवते मार्चच्या शेवटच्या रविवारी, जेरुसलेम त्याच्या आधीच्या शुक्रवारी. मधले दोन दिवस एका तासाची फसगत ठरलेली!

म्हणून आता अंतर न विचारता ठिकाणाचे नाव विचारतात. आपले यंत्र उत्तर देते: एशिया/कोलकाता. सबंध भारताला हे एकच नाव. कित्येक यंत्रे अजूनही 'कलकत्ता' म्हणतात. या नावांपुढे कोणत्या ठिकाणी घड्याळ केव्हा, किती हलले, याची एक मोठी खतावणी आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकन गृहस्थांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली; पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळली. ती वरचेवर दुरुस्त करावी लागते, कारण घड्याळ सरकारच्या हाती असते आणि सरकारचे मन बदलते.

मुंबईकरांनी १९०६ नंतरही प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली आपली जुनी वेळ कित्येक वर्षे सोडली नव्हती, हे वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले असेल. तसलाच प्रकार लेबनॉनमध्ये २०२३ च्या मार्चमध्ये घडला. उन्हाळी वेळ दोन दिवसांवर आली असता सरकारने ती रमजान संपेपर्यंत पुढे ढकलली. चर्चने व काही वृत्तवाहिन्यांनी ते मानले नाही. एका देशात दोन वेळा झाल्या! काही दिवसांतच सरकारने निर्णय फिरवला. अशा वेळी खतावणी लिहिणाऱ्याने काय लिहावे?

शिक्षकबंधूंनी परदेशच्या मंडळींशी वर्ग ठरवताना अक्षरे लिहू नयेत, 'न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ' असे गावाचे नाव घालून लिहावे. तास मोजून ठेवू नयेत. दिवस जवळ आला की मोजावेत.

त्या मुलाने कंपनीला सगळे खुलासेवार कळवले. उत्तर आले नाही. पुढे दुसरीकडून बोलावणे आले, त्यातही तीच तीन अक्षरे. या खेपेस त्याने आधी विचारले, आपण कोणत्या शहरातून बोलणार? उत्तर आले, शिकागोहून.