समुद्राची विद्या कोणाची?

(शेवगाव येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेवगावपासून समुद्र दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेव्हा येथे बसून नौकानयनाच्या इतिहासाची चर्चा कशासाठी करावयाची, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. कापसाचा आणि कांद्याचा भाव, युरियाचा पुरवठा, डिझेलची किंमत या सर्वांवर जहाजांच्या भाड्याचा परिणाम होतो, हे उत्तर पुरेसे झाले असते. तथापि मला आज आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. समुद्र ओलांडण्याची विद्या कष्टकऱ्यांनी निर्माण केली. त्या विद्येचे श्रेय आणि उत्पन्न मात्र इतरांच्या पदरी पडले. हे कसे घडले ते समजले, तर आपल्या दाराशी आज चाललेला एक व्यवहारही आपल्याला ओळखता येईल.

आरंभ गोदावरीपलीकडच्या पैठणपासून करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अज्ञात लेखकाने ग्रीक भाषेत तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची व मालाची एक मार्गदर्शिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे तीत नमूद आहे. पैठणहून मौल्यवान खडे, तेरहून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून, बिकट वाटा तुडवीत भडोचला जाई आणि तेथून जहाजांत चढे. म्हणजे हा मुलूख दोन हजार वर्षांपूर्वीही समुद्राशी बांधलेला होता.

याच ग्रंथात एक छोटी नोंद आहे. भडोचच्या खाडीत वाळूचे दांडे आणि भरतीचे जबरदस्त ओढ असल्यामुळे परकी जहाजे तेथे फुटत. म्हणून राजाच्या चाकरीतील स्थानिक मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्रापर्यंत सामोरे जात आणि आलेली जहाजे वाट दाखवून सुखरूप आत आणीत. त्या होड्यांच्या प्रकारांची नावे ग्रंथकाराने लिहून ठेवली आहेत. त्या मच्छीमारांपैकी एकाचेही नाव त्यात नाही. मोसमी वाऱ्याच्या आधाराने भर समुद्रातून थेट येण्याचा शोध मात्र हिप्पालस नावाच्या ग्रीक सुकाणूदाराच्या नावे जमा आहे. ज्या वाऱ्यावर येथील शेतकऱ्याची पेरणी आणि कोळ्याचे पोट अवलंबून, तो वारा अरबी व हिंदी दर्यावर्दींना त्यापूर्वी ठाऊक नसेल, हे संभवत नाही.

आता दीड हजार वर्षे पुढे येऊ. वास्को द गामा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदी बंदरातून १४९८ च्या एप्रिलअखेर निघाला आणि सुमारे तेवीस दिवसांत कालिकतजवळ पोहोचला. त्याच्या जहाजावर मालिंदीत मिळालेला एक वाटाड्या होता. अनेक साधने त्याला गुजराती म्हणतात. परतताना गामा मोसमाची वाट न पाहता निघाला. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरच्या आरंभी सुटलेली त्याची गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली ती १४९९ च्या जानेवारीत. तोच समुद्र ओलांडावयास जवळजवळ तीन महिने लागले आणि रक्तपितीने सुमारे तीस खलाशी वाटेत मेले. तेवीस दिवस आणि तीन महिने यांतील जे अंतर, ते येथील वाऱ्यांच्या ज्ञानाचे मोल होय. शाळेच्या पुस्तकात वास्को द गामा आहे. त्या वाटाड्याचे नाव इतिहासकारांना आजही निश्चित करता आलेले नाही.

हे ज्ञान म्हणजे केवळ अंदाज नव्हे. लाकडाची एक लहान फळी आणि तिच्यातून ओवलेली गाठींची दोरी, एवढ्या साधनाने अरबी समुद्रावरचे नाविक ध्रुवाची उंची अंगुळांत मोजीत आणि आपण किती उत्तरेस आहोत हे ठरवीत. या साधनाला कमाल म्हणत. अरब नाविक इब्न माजिद याने पंधराव्या शतकात या शास्त्रावर ग्रंथ लिहिला, म्हणून त्याचे नाव उरले. आपल्या किनाऱ्यावरच्या तांडेलांचे का उरले नाही?

माझ्या मते याचे उत्तर आपल्या समाजरचनेत आहे. समुद्र जाणणारे कोण? कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, कोकणी मुसलमान. अक्षर जाणणारे कोण? ज्यांना समुद्रगमनाने धर्म बुडतो असे शिकविले होते, ते. ज्याला दर्या कळे त्याच्या हाती लेखणी नव्हती आणि ज्याच्या हाती लेखणी होती त्याला दर्या निषिद्ध होता. अशा समाजात हाताची विद्या बापाकडून मुलाकडे जाते, पण तिचा ग्रंथ होत नाही, तिच्यात सुधारणा साठत नाही आणि ती धरून ठेवणारी संस्थाही उभी राहत नाही.

शिवाजी महाराजांनी ही फारकत ओळखली होती. त्यांच्या आरमारात दर्या सारंग आणि दौलतखान हे अधिकारी होते. त्यांच्या राज्यनीतीचा सारांश मानल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे वेगळे अंग मानले आहे. शिवाय जहाजांच्या लाकडासाठी रयतेची आंब्याफणसाची झाडे जबरीने तोडू नयेत, अशीही ताकीद त्यात आहे. कान्होजी आंग्रे यांनी १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांचा संयुक्त हल्ला अलिबागच्या किल्ल्यापुढे परतवला. पण १७५६ साली विजयदुर्गावरचे मराठी आरमार इंग्रजांनी जाळले तेव्हा पुण्याची पेशवाई इंग्रजांच्या बाजूला होती. तुळाजी आंग्र्यांशी असलेले वैर हे त्याचे तात्कालिक कारण खरे. परंतु समुद्र म्हणजे काय, हे देशावरच्या सत्ताधाऱ्यांना उमगले नव्हते, हे त्यामागचे मोठे कारण होय.

याच काळात इंग्लंडमध्ये काय चालले होते? भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कोठे आहोत, हे कळण्यासाठी मूळ बंदरावरची अचूक वेळ जहाजावर माहीत असावी लागते. एका तासाचा फरक म्हणजे पंधरा अंश रेखांश. हलत्या जहाजावर वेळ न चुकणारे घड्याळ जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने, स्वतः सुतारकाम शिकलेल्या माणसाने, बनविले. त्याच्या चौथ्या घड्याळाची समुद्रावरील चाचणी १७६१ साली सुरू झाली. तेथील विद्वानांनीही त्याला वर्षानुवर्षे झुलविले, आणि पार्लमेंटने त्याची उर्वरित रक्कम मंजूर केली ती १७७३ साली. तथापि कारागिराच्या कामाची परीक्षा होऊ शकली आणि त्याची नोंद राहिली. मुंबईत कुलाबा वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली, तीही जहाजांच्या घड्याळांना अचूक वेळ पुरविण्याच्या हेतूने. बाळशास्त्री जांभेकर आणि केरूनाना छत्रे यांचा या वेधशाळेशी संबंध आला. लेखणी आणि दर्या यांची अशी भेट आपल्याकडे झाली, पण परक्या सत्तेच्या छपराखाली आणि फार उशिरा.

विद्येचे असे झाले. आता श्रमाचे पाहू. सुरतेहून १७३६ साली मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ चे 'त्रिंकोमाली' इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अद्याप तरंगत आहे. मुंबईची जहाजे चालत होती, पण मुंबईचा खलाशी चालत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या ब्रिटिश कायद्यांनी हिंदी लास्करांना, ते ब्रिटिश अमलाखाली जन्मलेले असले तरी, ब्रिटिश खलाशी मानण्यास नकार दिला. पुढे आगबोटी आल्या. रत्नागिरीचे मुसलमान डेकवर, पंजाब-सरहद्दीचे लोक भट्टीखोलीत आणि गोव्याचे ख्रिस्ती स्वयंपाक व सेवेत, अशी ढोबळ वाटणी मुंबईच्या बोटींवर रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्यांचे वेतन गोऱ्या खलाशाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असे. त्यांच्या गरजा कमी असतात, असा युक्तिवाद मालक करीत. ज्याला कमी द्यावयाचे त्याच्या गरजा कमी ठरविणे, हे फार जुने अर्थशास्त्र आहे.

आणि भरती कशी होई? सारंगामार्फत. सारंग आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे गोळा करी, त्यांना उसने देई आणि पगारातून आपला वाटा कापी. नोकरी मिळेपर्यंत खलाशी खाणावळवाल्याचा ऋणको होई. गोव्याच्या खलाशांनी धोबीतलाव परिसरात गावोगावच्या 'कुडी' काढून निवाऱ्याची सोय स्वतः केली, ती यातूनच. शेवगाव-पाथर्डीच्या श्रोत्यांना ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही. ऊसतोडणीचा मुकादम आणि त्याची उचल आपण दर दिवाळीच्या सुमारास पाहतो. श्रम विकणारा आणि श्रम विकत घेणारा यांच्यामध्ये कर्ज घेऊन उभा राहणारा मध्यस्थ, हे दोन्हीकडचे सूत्र एकच आहे.

या सूत्राविरुद्ध खलाशी लढले. जिनोआ येथे १९२० साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेण्यास बंदी करणारा ठराव संमत केला. शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात खलाशांच्या भरतीतील लाचलुचपतीची दखल घेतली, कोकणचे ना. म. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. भारत सेवक समाजाचे दिनकर देसाई यांनी मुंबईच्या खलाशांत काम केले आणि १९४० साली सागरी कामगारांवर ग्रंथ लिहिला. महायुद्ध सुरू होताच १९३९ साली हिंदी खलाशांनी ब्रिटिश बंदरांत संप केले आणि पगारवाढ मिळविली. त्या युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मृत्यू पावले.

आज या गोष्टीचा आपल्याशी काय संबंध? समुद्र कधी न पाहिलेल्या जिल्ह्यांतील मुलेही आता जहाजावरच्या नोकरीची स्वप्ने पाहतात. शेती परवडत नाही, भरती होत नाही; मग कोणी दलाल बोटीवरच्या डॉलरमधल्या पगाराचे चित्र दाखवितो आणि बाप जमीन गहाण ठेवून त्याला लाखाच्या हिशेबात पैसे देतो. यांतील काही मुले अशा जहाजांवर जाऊन पडतात, ज्यांचा मालक पगार थकवून नाहीसा होतो. आंतरराष्ट्रीय परिवहन कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ या एका वर्षात ३०० हून अधिक जहाजांवरील ३,००० हून अधिक खलाशी असे वाऱ्यावर सोडले गेले, आणि त्यांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती.

कायदा या मुलांच्या बाजूला आहे, पण तो त्यांच्या घरापर्यंत पोहोचलेला नाही. भारताने २००६ च्या सागरी कामगार कराराला २०१५ साली मान्यता दिली. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून शुल्क घेण्यास त्या कराराने मनाई केली आहे. वैद्यकीय दाखला, खलाशी-पुस्तिका व पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याच्यावर पडू शकतो. दोन महिने पगार थकला, तर त्याला सोडून दिलेला खलाशी मानून घरी परतीचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचे थकीत वेतन विम्यातून मिळण्याची तरतूद आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे मी तीन साधी कामे ठेवतो. गावात कोणी जहाजावरच्या नोकरीचे आमिष दाखवू लागला, तर त्याच्या संस्थेचा परवाना केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाच्या यादीत आहे काय, हे पाहावे. पैसे मागितले, तर तो व्यवहार बेकायदेशीर आहे, हे त्या घराला बसून सांगावे; मुलगा निघण्यापूर्वी जहाजाचे नाव, ध्वज, कंपनी आणि कराराची प्रत घरच्यांपाशी ठेवावयास लावावी. आणि ऊसतोडणी कामगारांचा प्रश्न व खलाशांचा प्रश्न यांची सांगड आपल्या मागण्यांत घालावी: उचल देऊन माणूस बांधणारा मध्यस्थ दोन्ही ठिकाणांहून दूर व्हावा आणि भरती सार्वजनिक नोंदणीतून व्हावी.

भडोचच्या खाडीत जहाजे आत आणणाऱ्या मच्छीमारांची नावे आता मिळणार नाहीत. या तालुक्यातून समुद्रावर गेलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, त्याचे जहाज आणि त्याचा करार मात्र आपल्या कार्यालयाच्या वहीत असू शकतो. ती वही या आठवड्यात उघडावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.