मनोरा आणि त्यामागची तार

चिचगड हे गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातले, छत्तीसगडच्या सीमेकडचे गाव. भोवती रान. अशा भागात मोबाईलचा मनोरा उभा राहिला, की लोकांना वाटते, काम झाले! मग मनोरा समोर दिसत असूनही शाळेतला धडा पडद्यावर का उघडत नाही?

बोलण्याला पायवाट पुरते. चित्रांना गाडीरस्ता लागतो. नक्षलग्रस्त भागांत पूर्वी बसवलेले मनोरे टूजीचे, म्हणजे पायवाटेचे. त्यांपैकी २,३४३ ठिकाणी फोरजी आणण्यास केंद्राने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली, आणि काम भारत संचार निगमकडे सोपवले.

पण यंत्र बदलले म्हणजे वेग येतोच असे नाही. नळ मोठा बसवला, पण टाकीकडून येणारी नळी बारीक. मग धार मोठी कशी पडावी? मनोऱ्यामागे काचतंतूची तार हवी, वीज गेल्यावर टिकणारी बॅटरी हवी. शिवाय ओली पाने लहरी शोषतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लांब लहरी झाडीतून दूर जातात, २१०० च्या लवकर क्षीण होतात.

रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र, रात्री बाळंतिणीसाठी १०८ ला करायचा फोन, सारे यावरच अवलंबून. म्हणून ग्रामसभेत नुसते 'रेंज नाही' असे लिहू नका. कोणता टोला, कोणती वेळ, वीज होती का, हे नोंदवा. गुरुजी, ही नोंद तुमची मुले आठवड्यात करतील. नेमके मागणाऱ्याला टाळणे कठीण जाते.