ओझरचे विमान, परदेशी प्रतिकृती

(विद्यार्थी व पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीत अंगणात किल्ला करण्याची आपली प्रथा जगात अन्यत्र क्वचितच आढळेल. दगड, माती, पोती आणि अळीव एवढ्या सामग्रीवर आपली मुले राजगड उभा करतात. माची कोठे, बालेकिल्ला कोठे, पाण्याचे टाके कोणत्या अंगाला, यावरून त्यांची भांडणेही होतात. त्या भांडणातून जो इतिहास शिकला जातो, तो पाठ्यपुस्तकातून शिकता येत नाही. कारण हाताने घडविलेली वस्तू मनातून पुसली जात नाही. लढाऊ विमानांच्या प्रतिकृती बांधण्याचा छंद हे या संस्काराचेच भावंड आहे, असे मी मानतो. आज त्याविषयी, आणि या छंदाच्या परवडण्या-न परवडण्याविषयी बोलायचे आहे.

या छंदाचा पाया प्रमाण हा आहे. 1:72 हे त्यातील सर्वांत रूढ प्रमाण. या प्रमाणात 1 इंच म्हणजे 6 फूट, अर्थात उभा वैमानिक एका इंचाचा. या मापाने 1971 च्या युद्धातील आपले नॅट विमान जेमतेम 12 सेंटिमीटर लांब होते, तर शत्रूचे सेबर जवळजवळ 16 सेंटिमीटर. दोन्ही प्रतिकृती शेजारी-शेजारी ठेवा आणि मग मुलाला सांगा, की 14 डिसेंबर 1971 रोजी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी श्रीनगरच्या धावपट्टीवर हल्ला सुरू असताना याच चिमुकल्या विमानातून उड्डाण केले आणि ते सेबर विमानांच्या जथ्यावर एकटे तुटून पडले. भारतीय वायुदलाला लाभलेले एकमेव परमवीरचक्र त्यांचे, तेही मरणोत्तर. त्या दोन मापांतील फरक डोळ्यांनी पाहिल्यावर शौर्य या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हा केवळ पोरखेळ आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी 1942 ची अमेरिका आठवावी. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे क्षणार्धात ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना देण्यासाठी अमेरिकी नौदलाला प्रतिकृती हव्या होत्या. नौदलाने शाळांना आवाहन केले आणि 1:72 प्रमाणातील पाच लाख लाकडी प्रतिकृतींचे काम विद्यार्थ्यांच्या हाती सोपविले. आपल्याकडेही राष्ट्रीय छात्र सेनेच्या वायुशाखेत विमान-प्रतिकृती बांधणी हा प्रशिक्षणाचा भाग आहे. राष्ट्रे या गोष्टीकडे गांभीर्याने पाहतात, ती उगाच नव्हे.

आता एका विसंगतीकडे आपले लक्ष वेधतो. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-21 विमाने तयार झाली, पुढे सुखोई-30 एमकेआय तयार झाली. हजारो मराठी कुटुंबांची चूल या विमानांवर पेटली. 1963 पासून वायुदलात असलेल्या मिग-21 ला 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगढ येथे निरोप देण्यात आला, तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. परंतु त्याच मिगची वीतभर प्रतिकृती मुलाला बांधायला द्यावी म्हटले, तर संच येतो चेक प्रजासत्ताकातून, रशियातून, जपानहून किंवा चीनमधून. पंधरा मीटरचे खरे विमान आम्ही बांधू शकतो आणि त्याच्या वीस सेंटिमीटरच्या प्लॅस्टिक प्रतिकृतीसाठी परदेशाकडे पाहतो, याला काय म्हणावे?

मग येतो किमतीचा प्रश्न. साध्या, लहान आकाराच्या परदेशी संचाला हजार-दीड हजार रुपये सहज मोजावे लागतात. 1:48 प्रमाणातील मोठ्या संचाचा आकडा त्याच्या कितीतरी पट असतो. त्यावर चिकटद्रव्य, रंग, कुंचले, कातरणी, पॉलिश पेपर यांचा खर्च वेगळा. महिन्याचा हिशेब वहीत मांडणाऱ्या मध्यमवर्गीय गृहिणीने डोळे विस्फारले, तर तिचे काही चुकत नाही.

परंतु त्या डब्यातील प्लॅस्टिकची किंमत किती? पॉलिस्टायरीनचे काही ग्रॅम, म्हणजे अक्षरशः काही रुपये. खरा खर्च आहे तो पोलादी साच्याचा. पत्र्यांमधील सांधे आणि रिव्हेटच्या ओळी केसाच्या जाडीने कोरलेला साचा अत्यंत महाग पडतो. समजा, साच्याला 50 लाख रुपये लागले. एक लाख संच विकले गेले तर प्रत्येक संचावर साच्याचा भार 50 रुपये पडेल; पाच हजारच विकले गेले तर तो एक हजार रुपये होईल. ब्रिटनमध्ये एअरफिक्सने 1953 मध्ये स्पिटफायरचा संच काढला. तो वूलवर्थच्या दुकानांतून सुमारे दोन शिलिंगांना विकला जाई आणि शाळकरी मुले खाऊच्या पैशांतून तो घेत. स्वस्ताई आली ती खपातून. जपानच्या शिझुओका शहरातील तामिया ही मुळात लाकूड कापणारी गिरणी. पराभवाच्या राखेतून उठलेल्या त्या देशात या कंपनीने 1960 मध्ये आपल्याच यामातो युद्धनौकेचा प्लॅस्टिक संच काढला. आज तिचे नाव जगभर आदराने घेतले जाते. आरंभ स्वतःच्या युद्धनौकेपासून झाला, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे शासनाने खेळण्यांवरील सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के केले आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर नेले. चिनी मालाच्या पुराला बांध घालणारे हे धोरण योग्यच होते, आणि देशी खेळणी-उद्योगाला त्याने बळ दिले. मात्र शुल्काच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध प्रतिकृतीही खेळण्यांतच मोडतात. जेथे देशी माल आहे, तेथे शुल्क हे कुंपण ठरते; जेथे पीकच नाही, तेथे कुंपण घालून काय राखणार? तेथे त्याचा भार केवळ आपल्याच मुलांवर पडतो. स्वदेशी म्हणजे परदेशी वस्तू नाकारणे एवढेच नव्हे. नाकारलेल्या वस्तूच्या जागी स्वतःची चांगली वस्तू उभी करणे, हा तिचा उत्तरार्ध आहे. तो उत्तरार्ध आपण पुरा करायचा आहे.

हे अशक्य नाही. पूर्व युरोपातील लहान उद्योग मऊ धातूचे, मर्यादित प्रती काढणारे साचे वापरतात. त्यांचे सांधे थोडे सैल बसतात, घासावे-भरावे लागते. पण साचा पुष्कळ स्वस्त पडतो आणि दोन-चार हजार संचांवर व्यवसाय उभा राहतो. भोसरी-चिंचवडमध्ये साचे घडविणारे कुशल कारागीर आहेत. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूमसारखी संस्था आहे. कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूत घडलेले आणि 17 जून 1961 रोजी प्रथम उडालेले मरुत, 4 जानेवारी 2001 रोजी झेपावलेले तेजस, सेखों यांचे नॅट, एवढे तीन संच जरी एखाद्या मराठी उद्योजकाने काढले, तरी पुष्कळ साधेल. शाळा, छात्र सेनेची पथके आणि सैनिकी विद्यालये यांनी आगाऊ मागणी नोंदविली, तर खपाची चिंताही उरणार नाही.

तोपर्यंत काय करावे? संच एकट्याने घेऊ नये, पाच-सात मुलांच्या गटाने घ्यावा. हत्यारे सामाईक ठेवावीत. हवेच्या दाबाने रंग फवारणारे यंत्र नसले तरी अडत नाही. चांगला कुंचला आणि पातळ रंगाचे दोन-तीन हात पुरतात. कपड्यांचे चिमटे, दात कोरायच्या काड्या, नखे घासायची कानस ही हत्यारे घरातच असतात. पहिल्या प्रतिकृती पुठ्ठ्याच्या किंवा बाल्सा लाकडाच्या कराव्यात, कारण हात तेथेच तयार होतो. संच घेतल्यावर डबा लगेच फोडू नये. आधी ते विमान कोणी उडविले, कोठे लढले, हे वाचावे. मुंबईकरांनी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभे असलेले खरे मरुत मुलांना दाखवावे आणि घरी येऊन त्याचे चित्र मापात काढायला सांगावे. या साऱ्याला पैसा थोडा लागतो, वेळ पुष्कळ लागतो.

पालकांना एवढीच विनंती, की हा खर्च खेळण्याच्या खात्यात मांडू नका, शिक्षणाच्या खात्यात मांडा. महिनाभर एका पंखाचा सांधा घासत बसलेला मुलगा किंवा मुलगी चिकाटी शिकत असते, अचूकता शिकत असते. आणि शेवटी केशरी, पांढरे, हिरवे वर्तुळचिन्ह पंखावर चिकटविताना तिचा श्वास क्षणभर रोखला जातो. त्या क्षणी देश ही तिच्यासाठी नकाशावरची आकृती राहत नाही. यांतलीच कोणी उद्या ओझरला किंवा बंगळुरूला आरेखन-फलकापुढे बसेल. तिच्या हाती पहिले विमान आपण द्यायचे, आणि ते आपल्याच मातीत घडलेले असावे, यासाठी खटपट करायची.

 वंदे मातरम्!