संदर्भ द्यावा, तो मूळ वाचूनच



संस्कृत काव्यांचा थोर टीकाकार मल्लिनाथ याने, आधारावाचून आपण काहीही लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा केली होती. शास्त्रीय लेखनाचा पायाही हाच आहे. संदर्भ हा लेखाचा अलंकार नव्हे. वाचकाला मूळ पुराव्यापर्यंत नेणारी ती वाट होय. ही वाट चुकीची दाखविली गेली, तर त्याचे परिणाम सामान्य माणसालाही भोगावे लागतात.

अमेरिकेतील एक उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात जानेवारी १९८० मध्ये जेन पोर्टर व हर्शेल जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात असताना ज्यांना अफूच्या वर्गातील औषध निदान एकदा दिले गेले, अशा ११,८८२ रुग्णांपैकी पूर्वी व्यसन नसलेल्या केवळ चौघांना व्यसन जडल्याची नोंद आढळली, असे त्यांनी कळविले होते. घरी राहून दीर्घकाळ हे औषध घेणाऱ्यांविषयी पत्रात काहीही नव्हते.

पुढे काय घडले? २०१७ साली कॅनडातील संशोधकांनी त्याच नियतकालिकात याचा हिशेब मांडला. त्या पत्राचा संदर्भ ६०८ लेखांत आढळला. त्यांपैकी ४३९ लेखांत, व्यसनाचा धोका विरळ असल्याचा पुरावा म्हणून ते पुढे करण्यात आले होते; आणि हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, याचा उल्लेखही ४९१ लेखांत नव्हता. डॉक्टरांच्या मनातील धास्ती अशा संदर्भांमुळे ओसरली आणि उत्तर अमेरिकेतील व्यसनाच्या संकटाला त्यांचा हातभार लागला, असा निष्कर्ष या संशोधकांनी काढला. त्या संकटात लाखो माणसे दगावली आहेत. लेखकाचे नाव, वर्ष व पृष्ठ बिनचूक असले, तरी जे मुळात नाही ते मुळाच्या नावावर खपविणारा संदर्भ खोटाच ठरतो.

म्हणून शोधनिबंध लिहिणाऱ्याने काही पथ्ये पाळावयास हवीत. मूळ लेख स्वतः वाचावा. केवळ सारांशावर विसंबू नये. प्रयोग कोणावर, किती जणांवर व कोणत्या परिस्थितीत झाला, हे पाहून त्या मर्यादेतच विधान करावे. मूळ लेख मिळालाच नाही, तर ज्याच्या लेखातून माहिती घेतली त्याचा तसा स्पष्ट निर्देश करावा. ज्या विधानाला आधार द्यावयाचा, त्याच्या लगतच संदर्भ असावा. परिच्छेदाच्या अखेरीस पाच-सहा नावे एकत्र दिल्यास कोणाचे काय, हे वाचकास उमगत नाही. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतल्यास अवतरणचिन्हे व पृष्ठांक द्यावेत. विचार आपल्या शब्दांत मांडला, तरी ऋणनिर्देश चुकत नाही.

सूचीत लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड व पृष्ठे यांची नोंद असावी. नाव-वर्षाची पद्धत असो वा क्रमांकाची, नियतकालिकाने सांगितलेली एकच पद्धत अखेरपर्यंत पाळावी. आधारासाठी घेतलेला लेख प्रसिद्धीनंतर मागे घेण्यात आला नाही ना, याचीही खात्री करून घ्यावी.

हे काम कष्टाचे व वेळखाऊ आहे, यात शंका नाही. परंतु आज लिहिलेल्या एका ओळीवर उद्या एखादा डॉक्टर औषध देणार असतो, एखादा शेतकरी फवारणी करणार असतो. ती ओळ लिहिणाऱ्याने मूळ पान उघडून पाहिलेले असावे, एवढी अपेक्षा बाळगण्याचा त्यांना हक्क आहे.