मिठावरचा कर आणि फवारणीवरचा कर
(बांदा येथील बैठकीतील भाषण)



'शेतकरी कर भरत नाही' हे वाक्य शहरात फार चालते. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे, एवढे खरे. पण कर दोन वाटांनी येतो, मिळकतीवर आणि मालावर. पहिली वाट आपल्या दाराशी येत नाही. दुसरी थेट बागेत शिरते.

मालावरचा कर कसा नसावा, हे आपल्या शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली लोकांनी सत्याग्रह करून सांगितले. सरकारला मिठावरचा कर सोयीचा होता. महागले म्हणून मीठ कोणी सोडत नाही, वसुली पक्की. पण अन्याय त्यातच होता. सावकार काय, गडी काय, पेजेला मीठ सारखेच लागते. १९४७ साली तो कर गेला. आज मिठावर जीएसटी नाही.

आता फवारणी बघा. रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी, खतावर ५ टक्के. आंब्याच्या तुडतुड्यांसाठी १०,००० रुपयांचे औषध घेतले, तर वर १,८०० रुपये कर. कॅनिंगवाला डबे घेताना भरलेला कर आपल्या करातून वळता करून घेतो. आपला ताजा आंबा करमुक्त, म्हणून वळते करायला आपल्याकडे काहीच नाही. भाव व्यापारी ठरवणार, कर आपल्याच अंगावर. म्हणजे करमुक्त म्हणवून घ्यायचे आणि गुपचूप कर भरायचा!

उत्पादनाच्या साधनांवर कर बसला की उत्पादनच आखडते. त्यात न्याय नाही आणि देशाचा फायदाही नाही. कर शेवटच्या वापरावर असावा, गरजेच्या वस्तू त्यातून वगळाव्यात आणि गरीब-श्रीमंत हा फरक प्राप्तिकराने बघावा.

इथे आपणही सरळ बोलले पाहिजे. मोठ्या शेतधारणेवर कर बसवा, असे के. एन. राज समितीने १९७२ साली सुचवले होते. ते अमलात आले नाही. शेतीच्या नावाखाली दुसऱ्याच धंद्याचा पैसा लपवणाऱ्यांची ढाल आपण कशाला व्हायचे? आपली मागणी अशी असावी: औषध-खतांवर भरलेला कर शेतकऱ्याला परत द्या, आणि मोठ्या शेती उत्पन्नाला इतरांसारखाच प्राप्तिकर लावा. खर्च वजा जाता लहान बागायतदाराकडे कर लागण्याएवढे उरतेच कुठे?

तोवर एक काम करा. औषध घ्याल तेव्हा पक्के बिल मागा आणि जपून ठेवा. पुढच्या बैठकीला गावागावाची बिले एकत्र करू. मग किती कर भरतो, ते आपणच आकड्यांनी सांगू.