सिवनीची लढाई आणि छावणीतले कागद

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

घोडदळाच्या मोहिमेचा खरा इतिहास नंतर रचलेल्या शौर्यकथांपेक्षा सेनापतीच्या परिवारातील अधिकाऱ्यांनी मोहीम चालू असतानाच लिहिलेल्या पत्रांत आणि रोजनिशांत सापडतो, हे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. आणि त्याची कसोटी याच जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळील सिवनी येथे 17 एप्रिल 1818 रोजी पेशवा दुसरा बाजीराव आणि इंग्रज यांच्यात झालेल्या लढाईवर पाहता येते. त्याच युद्धातील खडकी, कोरेगाव आणि आष्टी येथील घटना श्रोत्यांना परिचित असल्याने त्यांचा विस्तार येथे केलेला नाही.

अशा लेखनाचा वऱ्हाडाशी संबंध असलेला उत्तम नमुना म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची 1803 सालच्या इंग्रज-मराठे युद्धातील पत्रे. तो लष्करी नोकरीत नव्हता, तरी आजारी माल्कमच्या जागी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या परिवारात राहून असई, आडगाव आणि गाविलगड येथे हजर होता. एडवर्ड स्ट्रॅची या मित्राला त्याने धाडलेल्या पत्रांत विजयाचा डौल नाही, चोविशीतल्या तरुणाचे खुले कुतूहल आहे.

व्हॅलेंटाइन ब्लॅकर हा मात्र मद्रासच्या घोडदळात घडलेला अधिकारी होता. 1817 ते 1819 च्या युद्धात तो मद्रास सैन्याचा क्वार्टरमास्टर जनरल, म्हणजे वाटा, नदीउतार, मुक्काम आणि नकाशे यांची जबाबदारी वाहणारा प्रमुख होता, आणि 1821 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ ही रोजनिशी नसली तरी त्याची दृष्टी याच कामातून आलेली आहे. मराठी फौजेत अशाच कामासाठी पुढे जाऊन तळाची जागा ठरविणारा तो बिनीवाला. चारा आणि सरपण आणण्यास जाणारी टोळी ती कही. आणि लढवय्यांच्या मागून चालणारी बाजारकरी, नोकरचाकर आणि कुटुंबकबिला यांची गर्दी ते बुणगे. एप्रिलमध्ये वर्धा आणि पैनगंगा यांच्यामधील मुलुखात नाले आटतात, गवत करपते आणि मोठ्या तळाला पाणी पुरेल अशा जागा थोड्या उरतात, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. म्हणूनच हजारो घोडी आणि शेकडो उंट घेऊन निघालेल्या फौजेची वाट सेनापतीच्या इच्छेइतकीच डोहांवर अवलंबून असते. ही गोष्ट बखरकार क्वचितच नोंदवितो, परंतु मुक्काम आखणाऱ्याला ती टाळता येत नाही. प्रस्तुत विषयात हाच भाग सर्वांत मोलाचा असल्यामुळे त्यावर ठरविल्यापेक्षा अधिक वेळ खर्च झाला आहे.

प्रत्यक्ष घटना अशी की, नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांच्या मदतीच्या आशेने दुसरा बाजीराव नागपूरच्या रोखाने निघाला, परंतु 15 मार्च रोजी आप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेत पडले. पुढे वणीकडून कर्नल स्कॉटने वाट अडविली, मागून डव्हटनचे सैन्य आले, आणि त्याला चुकविताना पेशव्याची फौज सिवनीजवळ कर्नल ॲडम्सच्या समोर आली. ॲडम्सजवळ त्या क्षणी देशी घोडदळाची एकच पलटण आणि घोड्यांनी ओढलेला थोडा तोफखाना होता. इतिहासकार ग्रँट डफच्या वृत्तान्तानुसार पेशव्याच्या उरलेल्या 5 तोफा, 3 हत्ती आणि 200 उंट इंग्रजांच्या हाती लागले, हजारांवर माणसे मारली गेली आणि ॲडम्सकडील केवळ दोघे जखमी झाले.

वाटा आणि पाण्याच्या अडचणी सांगून येथे बाजीरावाची तरफदारी होत आहे, असा आक्षेप सभागृहात उमटला तर तो स्वाभाविक होय. आपल्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्याला त्याने दिलेले अभय आणि गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा 1815 मधील खून यांचा कलंक कोणत्याही पत्रव्यवहाराने पुसला जाणार नाही. परंतु ‘पळपुटा’ हे एकच विशेषण त्या एप्रिलचे स्पष्टीकरण म्हणून पुढे केले जाते, तेव्हा तीन बाजूंनी आवळत आलेली इंग्रजी सैन्ये, बुणग्यांचे ओझे आणि पाण्याची टंचाई दृष्टीआड होते, आणि सिवनीत मेलेल्या माणसांना चर्चेत जागाच राहत नाही. हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

मराठी कागदांसाठी राखलेला वेळ आता जवळजवळ संपला असल्याने इतकेच नमूद करणे शक्य आहे की, गो. स. सरदेसायांनी संपादिलेले पेशवे दफ्तराचे 45 खंड सर्वांना खुले आहेत, मात्र सिवनीच्या अभ्यासाला गावच्या कागदांचीही जोड हवी. केळापूर, वणी आणि मारेगाव तालुक्यांतील ज्या देशमुख, देशपांडे व पाटील घराण्यांकडे मोडी कागदांचे रुमाल असतील, त्यांनी ते वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्यांकडून वाचून घ्यावेत. त्या हंगामात फौजेने नेलेल्या कडब्याची, धान्याची किंवा बैलांची एखादी नोंद मिळाली, तरी इंग्रज अधिकाऱ्यांच्या पत्रांसमोर ठेवण्याजोगा या मुलुखाचा स्वतःचा कागद उपलब्ध होईल.